कट म्हणायचं राहून गेलं

अखिलच्या सिनेमातला म्हातारा ऐन शूटिंगच्या आठवड्यात आजारी पडला आणि त्याच्या जागी अखिलला स्वतःचे वडील घ्यावे लागले. खरं तर त्याने घेतले नाहीत, तेच आले. "गाडी आपली, डिझेल आपलं, मग म्हातारा बाहेरचा कशाला?" असं म्हणत रिखबचंदजींनी धोतर नेसलं, टोपी घातली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

जळगावात त्यांचं साड्यांचं दुकान. नवरीच्या आईबरोबर डोळे पुसायचे, आपणच सांगितलेला भाव ऐकून आपणच दचकायचं आणि "शेवटचा पीस आहे ताई, घरच्यांसाठी ठेवला होता" हे दिवसातून दहादा गहिवरून म्हणायचं, यात त्यांची हयात गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी कॅमेऱ्यासमोर असा हुंदका दिला की कॅमेरामन अभिमनला चष्मा पुसावा लागला. अभिनयाची चिंता मिटली. आता अडचण एवढीच उरली होती, की सिनेमा अखिलने लिहिला होता.

'एक फाटा, दोन वाटा' ही जळगावहून धुळ्याला निघालेल्या शेतकरी बापलेकांची गोष्ट. वाटेत दोघं भांडतात आणि लेक बापाला हायवेवर उतरवून निघून जातो. का भांडतात, हे अखिललाही नीट सांगता येत नव्हतं. "आबा, आपल्या वाटा आता क्षितिजापाशीसुद्धा मिळणार नाहीत," असं काहीतरी लेक म्हणतो. लेकाचं काम करणारा चुलतभाऊ मनन हे वाक्य आलं की केविलवाणं तोंड करायचा. रिखबचंदजी मात्र चांगलं म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. अखिलला तेच लागायचं. शाळेतल्या निबंधापासून आजपर्यंत त्याने लिहिलेल्या एकाही ओळीवर पप्पा कधी बोलले नव्हते.

आज शेवटचा सीन होता. उद्यापासून लग्नसराई सुरू. "आज झाला तर झाला सिनेमा. उद्या मी दुकानाच्या गादीवर आणि तूपण गादीवर," असं पप्पांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. त्यात दोन टेक वाया गेले, कारण लेकाने टाकून दिलेला बाप रडता रडता फोन उचलून नोकराला सांगत होता, "अरे, पैठण्या वरच्या फळीवर आहेत!" शेवटी अखिलने फोन काढून घेतला.

"पप्पा, मी कट म्हणेपर्यंत भूमिका सोडायची नाही. काहीही होऊ दे."

"काहीही?"

"आभाळ कोसळलं तरी."

पारोळ्याच्या पुढे हायवेच्या कडेला सीन लागला. अखिल आणि अभिमन लांब, कपाशीच्या शेतापलीकडे बांधावर कॅमेरा लावून उभे राहिले. मननने रिखबचंदजींना उतरवलं, क्षितिजाचं वाक्य कसंबसं उरकलं आणि गाडी पळवली. रिखबचंदजी मैलाच्या दगडावर बसले आणि ढसाढसा रडू लागले. इतकं सुंदर रडणं अखिलने पाहिलं नव्हतं. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली.

मोटरसायकलवर कौतिकभाऊ नावाचे शेतकरी होते आणि मागे त्यांच्या पत्नी सुनंदाबाई. त्यांनी सगळा प्रकार लांबून पाहिला होता.

"आबा, काय व्हयनं? का बरं रडी राह्यनात?" सुनंदाबाईंनी विचारलं.

कट ऐकू आला नव्हता, म्हणून आबा आणखी मोठ्याने रडले. बाई गाडीवरून उतरल्या. "असा कसा आंडोर शे हाऊ, बापले टाकी पळस? चाला, आम्हना घर चाला!" असं म्हणून त्यांनी आबांना हाताला धरून उठवलं, दोघांच्या मधे बसवलं आणि मोटरसायकल चालू लागली. अखिल बांधावरून "कट! कट!" म्हणून बोंबलत होता, पण हायवेवरच्या ट्रकांपुढे त्याचं कोण ऐकणार? मननला तर वळायला दुभाजकात फट मिळेना, तो धुळ्याच्या दिशेने चाललाच होता. शेवटी अखिल आणि अभिमन कपाशीने भरलेल्या एका ट्रॅक्टरवर चढून मोटरसायकल वळली त्या गावात पोहोचले. अभिमनचा कॅमेरा चालूच होता. तो लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. रुसलेली विहीण पुन्हा रुसत नाही, हे जाणून तो कॅमेरा कधी बंदच करत नसे.

सुनंदाबाईंच्या अंगणात अर्धी गल्ली जमली होती. मधे खाटेवर रिखबचंदजी. कॅमेरा पाहून कुणीतरी ओरडलं, "बातमीवाला उनात!" आणि बायकांनी पदर सारखे केले.

"पन आबा, त्यानं तुम्हले टाकं का बरं?" सुनंदाबाई विचारत होत्या.

रिखबचंदजींनी प्रामाणिकपणे अखिलने लिहिलेलं वाक्य म्हटलं, "आमच्या वाटा वेगळ्या झाल्या."

"वाटा कसान्या? रस्ता तं एकच शे, सरळ धुळे जास!"

 गिऱ्हाईक हातचं चाललं, हे रिखबचंदजींना बरोबर कळायचं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून मुरलेल्या अहिराणीत हळूच म्हणाले, "पोऱ्या वाईट नही शे, माय. त्याले जे करनं व्हतं, त्याले मी कधी चांगलं नही म्हनं. मनातल्या मनात म्हनं. तोंडवर कधी नही."

फाटकात उभ्या असलेल्या अखिलच्या तोंडात आलेला कट तिथेच अडकला. तो दिग्दर्शक म्हणून थांबला की मुलगा म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याचे डोळे मात्र भरून आले होते.

इतक्यात गावभर चौकशी करत मनन गाडी घेऊन आला आणि गल्लीने त्याला घेरलं. "हाऊच तो! बापना पाय धर!" मननने आधी काकांचे पाय धरले, मग सुनंदाबाईंचे, मग हाताला लागतील त्यांचे. अखिल पुढे धावला. "अहो, हा सिनेमा आहे! हे माझे वडील आहेत! ही बघा स्क्रिप्ट!"

कौतिकभाऊंनी कागद घेतले आणि मोठ्याने वाचले, "आबा, आपल्या वाटा आता क्षितिजापाशीसुद्धा मिळणार नाहीत."

सुनंदाबाईंनी मान हलवली. "कोना आंडोर असा बोलस? खोटं शे हाई बठ्ठं."

म्हणजे बापाचं रडणं खरं ठरलं आणि स्क्रिप्ट बनावट! ते राहू द्या म्हणत सुनंदाबाईंनी आबांसमोर ताट ठेवलं. भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यावर लसणाची फोडणी. रिखबचंदजींनी उभ्या जन्मात वांग्याला हात लावला नव्हता, लसूण तर घराच्या उंबऱ्याबाहेर. सूर्य मावळतीला आलेला. तो बुडाला की पाणीसुद्धा चालणार नव्हतं. ते ताटाकडे बघत बसले.

"उपाशी ऱ्हाऊ नका आबा. राग मानूसवर काढा, अन्नवर नही."

"माय, मी जैन आहे. मला वांगं चालत नाही."

 सुनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बिचाराना डोकावर परिनाम व्हयना! सोताले जैन सांगी राह्यना!" कुणीतरी डॉक्टरला फोन लावायला निघालं.

रिखबचंदजींनी शेवटचा उपाय केला. सुनंदाबाईंच्या पदराकडे बोट दाखवून त्यांनी गादीवरचा आवाज लावला. "ताई, ही साडी आमच्याच दुकानातली. तुम्हाला निळी हवी होती, मी ही लिंबूरंगाची दाखवली. म्हटलं, शेवटचा पीस आहे, घरच्यांसाठी..."

सुनंदाबाईंनी पदर खाली घेतला, हात कमरेवर ठेवले. "हाऊ तं तो जळगावना शेठ! शेवटला पीस? आम्हनी गल्लीमा चार बायास्कडे हाईच साडी शे!"

मग जो हशा उसळला, त्यात रिखबचंदजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. हसता हसता बाईंनी धावपळ करून सूर्य बुडायच्या आत दुसरं ताट आणलं, दूध, भाकरी आणि गूळ. रिखबचंदजी पोटभर जेवले. "असं जेवण मला माझ्या लग्नातपण मिळालं नाही," असं ते म्हणाले आणि ते काही दुकानदारीचं वाक्य नव्हतं. निघताना अखिलने चित्रीकरण वापरू का, असं विचारलं, तर गल्लीने उलट आमचे चेहरे कापू नको म्हणून बजावलं.

 परतीच्या वाटेवर अखिलने विचारलं, "पप्पा, ते मगाशी खाटेवर बोललात ते... ॲक्टिंग होती?"

"तुझ्या कागदावर कारण नव्हतं," रिखबचंदजी म्हणाले, "म्हणून घरून आणलं."

सिनेमा पुरा झाला. स्वतःचं ओरडणं आणि जैन-साडीचं बोलणं तेवढं कापून अंगणातला बाकी सगळा प्रसंग अखिलने जसाच्या तसा ठेवला. पुण्याच्या एका छोट्या महोत्सवात तो दाखवला गेला आणि एका समीक्षकाने लिहिलं, 'वडिलांचा अभिनय थक्क करणारा, लेखन मात्र कच्चं. रस्त्यावरची अनोळखी बाई रडणाऱ्या म्हाताऱ्याला घरी नेते, जेवू घालते, त्याच्यासाठी मुलाशी भांडते, हा प्रसंग तर निव्वळ लेखकाच्या डोक्यातून निघालेला. अशी माणसं आता असतात कुठे?'

अखिलला वाईट वाटायला हवं होतं, पण तो इतका हसला की मननला वाटलं बक्षीस मिळालं. रविवारी बापलेक एक निळी साडी घेऊन सुनंदाबाईंकडे गेले. अखिलने त्यांना परीक्षण वाचून दाखवलं. त्यांनी चुलीपुढे बसून शेवटपर्यंत ऐकलं, पण हसल्या नाहीत. भाकरी उलटत त्या कळवळून म्हणाल्या, "बिचारा! त्याले एकदाव तुम्हना संगे आठे जेवाले लई या."