थोरलीचे चार हात

सलग तिसऱ्या दिवशी कौल डावा पडला, आणि साळूबाई समाधानाने म्हणाली, "देवी न्हाई म्हंती. आता मी तरी काय करू?"

दाराशी बसलेल्या भिकूने पायात चढवलेल्या वहाणा पुन्हा काढून ठेवल्या. धाकट्या बहिणीचे लग्न, म्हणून तो मधल्या बहिणीला, म्हणजे बायजाला न्यायला कासारसाईहून आला होता. आला तेव्हा हळदीला चार दिवस होते, आता ती उद्यावर आली होती. बायजाला सासरी येऊन पाच वर्षे झाली होती आणि पाच वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नव्हती. जायचा विषय निघाला की सासू देव्हाऱ्यातला देवीचा टाक समोर मांडी. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली ती बोटभर मूर्ती. तिच्या उजव्या-डाव्या अंगाला ज्वारीचा एकेक ओला दाणा चिकटवायचा. उजवा आधी पडला तर जा, डावा पडला तर राहा. साळूबाई उजवा दाणा जरा जास्तच निगुतीने भिजवते, हे बायजाने पहिल्याच वर्षी पाहिले होते. पण दाण्यावरून सासूशी भांडायला अंगात त्राण लागते, आणि ते रोज मेंढरांच्या वाड्यातच संपून जाई.

शिवाय तिच्या गळ्यात थोरली होती. तिच्या नवऱ्याची, नाथाची पहिली बायको चिमाबाई तापाने गेली आणि बायजा तिच्या जागी आली. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नाहीतर मेलेली सवत नांदू देत नाही, अशी त्या घरांतली रीत. नवे लुगडे आधी थोरलीला दाखवायचे. भाकरीचा पहिला घास आधी थोरलीपुढे धरायचा, हात जोडायचे, मग आपण खायचे. तोवर भाकरी गार होऊन जाई.

पाणवठ्यावरच्या बायका म्हणत, "बायजा लई भक्तीची. टाक कदी काढत न्हाई." भक्ती कसली! काढला तर सासू घर डोक्यावर घेईल, एवढेच. बायजा तर टाक उलटा घालायची, सवतीचे तोंड छातीकडे, म्हणजे बघायला नको. शेण भरताना ती तिच्याशी तोंडभर भांडायची. त्या घरात उलट उत्तर न देणारी तेवढी एकच होती.

कौल पडला त्याच दुपारी बांगड्या भरणारा बाबालाल आला. धरणाचे पाणी अडल्यापासून खालच्या खोऱ्यातले त्याचे निम्मे गिऱ्हाईक उठून गेले होते, त्यामुळे उरलेल्या घरी तो जरा जास्तच टेकत असे. बांगड्यांबरोबर तो डागदागिनेही दोऱ्यात गाठवून द्यायचा. बायजाच्या टाकाचा दोरा कुजला होता. तिने तो सोडून त्याच्या हातात दिला. बाबालालने टाक उजेडाला धरला, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"साळूआक्का," तो म्हणाला, "तुमच्या थोरलीला हात किती वो?"

"दोन. मानसाला असत्यात तेवडं."

"मग हितं चार कसं लागत्यात?"

साळूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिने टाक ओढून घेतला आणि बोटाने चाचपला. चिंच आणि राखेने घासून घासून त्या घरातल्या सगळ्या टाकांचे नाकडोळे कधीच गेले होते, पण उंचवटे हाताला लागत होते. एक, दोन, तीन, चार. चार हात म्हणजे देवीचा टाक! तिचे तोंड पांढरे पडले. दसऱ्याला सगळे टाक एकाच ताटात घासले होते, थोरलीच्या टाकाची कडी तुटली होती, आणि नवी कडी बसवायला पौडच्या सोनाराकडे टाक दिला होता तो तिनेच, असाच चाचपून.

"भाई, तुमाला काय कळतंय आमच्या देवातलं?" ती शेवटचा प्रयत्न करीत म्हणाली.

"देवातलं न्हाई कळत, आक्का. पर हात मोजता येत्यात. जल्म हात धरन्यात गेला माजा."

साळूबाईने टाक घाईघाईने कपाळाला लावला. "म्हंजी दसऱ्यापासनं देवी हिच्या गळ्यात? आन् देव्हाऱ्यात चिमा?" मग तिने सुनेकडे बोट केले. "देवीला घेऊन कुटं कुटं गेलीस गं?"

"वाड्यात. शेनात. वढ्यावर," बायजा म्हणाली.

"चार दिस भाईर बसलीस तवा?"

"तवा बी. टाक काडायचा न्हाई, आसं तुमीच म्हनला हुतासा."

"आन् बोललीस काय तिला?"

खोटे बोलायचाही बायजाला कंटाळा आला होता. "रोजचंच. मेलीस तरी माजी पाठ सोडीनास, म्हनलं. तुजं काळं तोंड दावू नगंस, म्हनलं."

साळूबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. तेवढ्यात वाड्यातून नाथा आला. त्याला सगळे दोनदा सांगावे लागले. मग त्याने डोके खाजवले.

"म्हंजी माज्या मेंढ्याचा पाय चिमीनं बरा केला?" तो म्हणाला. "पुसाच्या म्हयन्यात मी देव्हाऱ्याम्होरंच नवस बोललो हुतो. आन् नवसाचं बकरू?"

"ते बी तिलाच गेलं," साळूबाई पुटपुटली.

जिवंत होती तेव्हा चिमाबाईला रस्सा सगळ्यांत शेवटी मिळे, तोही उरला तर. ते मायलेकांना एकदमच आठवले असावे, कारण दोघांच्याही नजरा देव्हाऱ्याकडे वळल्या.

भिकूने मात्र संधी साधली. "मग कौल बी देवीचा न्हवंच की! थोरली न्हाई म्हनली."

"आदी आदलाबदल करते," म्हणत साळूबाई देव्हाऱ्याकडे सरकली.

"आये, हात लावू नगंस!" नाथा ओरडला. "तिला हितनं उठवली आन् मेंढा परत लंगडाया लागला म्हंजी?"

"आरं, मग देवी काय सुनंच्या गळ्यात ऱ्हायाची?"

"ऱ्हाऊ दे. पाच म्हयनं ऱ्हायली, काय वंगाळ झालं?"

"दाजी बराबर बोलत्यात," भिकू म्हणाला. "आन् देवी माज्या आक्काजवळच हाय, तर कौल बी तीच लावंल."

बायजाने सासूच्या हातातून टाक घेऊन उभा धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ती कौल लावत होती. तिने दोन्ही दाणे सर्वांदेखत सारखेच भिजवले. पाच वर्षांत तिला आईचा चेहराही नीट आठवेनासा झाला होता. तिने दाणे टाकाला चिकटवले.

उजवा पडला.

 साळूबाई खरोखरीची भाविक होती. देवी घराबाहेर चालली, तर तिला रिकामी कशी पाठवायची? तिने टाकाला हळदकुंकू लावले. मग गुडघे कडकडा वाजवीत खाली वाकली आणि सुनेच्या पायाशी डोके टेकले. "आये, लई चुकलं माजं. पदरात घे," म्हणत ती रडली. बायजाला हात कुठे ठेवावेत ते कळेना. म्हातारीने डोळे पुसले, तव्यावरच्या दोन भाकरी लोण्यासकट फडक्यात बांधल्या आणि म्हणाली, "वाटंत दे तिला. ऊन हायेत तवरच दे."

बाबालालने टाक नव्या दोऱ्यात ओवून दिला आणि बायजाच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. "चिमाबाईला बी नऊ वर्सं मीच भरल्या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "म्हायेरला जातानाच्या एकदा बी न्हाईत." आणि गाठोडे उचलून चालू लागला.

गावाबाहेरच्या ओढ्याशी भिकू पाणी प्यायला थांबला. बायजा दगडावर बसली. तिने टाक सुलटा केला, ओल्या पदराने पुसला आणि पहिल्यांदाच निरखून पाहिला. वरचा एक हात नखाने उकरताच निघून आला. मग दुसराही. चिंच, राख, पीठ आणि तिचाच घाम, यांचा तो दसऱ्यापासून साचलेला मळ होता. खाली दोनच हात उरले, अंगाशी सरळ सोडलेले.

तिने निघालेला मळ बोटांत चुरडला आणि आल्या वाटेकडे वळून पाहिले. जन्मभर हात धरणाऱ्या माणसाला हात आणि मळ यांतला फरक कळला नसेल, हे काही तिला पटेना.

"आक्का, काय झालं गं?" भिकूने विचारले.

"काय न्हाई. दमले जरा."

तिने फडके सोडले. भाकरी अजून ऊन होती. सवयीने तिने पहिला घास टाकापुढे धरला, पण हात काही जोडले नाहीत. त्याच घासातला अर्धा तिने स्वतःच्या तोंडात घातला.

"घे, थोरले," ती म्हणाली. "आत्याबाईंनी तुज्यासाटनंच बांधून दिलीया."

मग तिने टाकाचे तोंड बाहेर केले, म्हणजे तिलाही लग्न नीट दिसेल, आणि ती कासारसाईच्या वाटेला लागली.