आत माया आहे

गफूरभाई लग्नालाही गळ्यात टेप अडकवून जातात. अंगात इस्त्रीची शेरवानी, डोळ्यांत सुरमा आणि गळ्यात शिंप्याचा पिवळा टेप. नवख्या माणसाला वाटतं, घाईत काढायचा राहिला असेल. तसं काही नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या लग्नात नवरदेव स्टेजवर चढला, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि गफूरभाई माझ्या कानात सांगत होते, "सर, पोराचा डावा खांदा उतरता आहे. टेलरनं सांभाळून नाही घेतलं." त्या लग्नाविषयी त्यांचं मत तेवढंच.

क्रांती चौकाजवळच्या बोळात त्यांचं दुकान आणि गारखेड्यात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. मी मास्तरकी करत होतो तेव्हापासून माझ्या पँटी तेच शिवतात. शिवताना आत भरपूर माया सोडतात. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला की शिवण उसवून पँट वाढवता येते. मी बऱ्यापैकी सुटलो. दर दिवाळीला ते माझी कंबर मोजतात आणि म्हणतात, "घाबरू नका सर, आत माया आहे." माझ्या पोटाविषयी याहून सभ्यपणे आजवर कुणी बोललेलं नाही. घरचे तर नाहीच नाही.

पडेगावच्या पुढं त्यांचं थोडं रान आहे, उतारवयात हौसेनं घेतलेलं. यंदा तिथल्या हरभऱ्याला मर लागली. निम्मी झाडं उभ्याउभ्या वाळली आणि उरलेल्यांना घाटे आले ते बरेचसे पोचट. आता हरभरा काढायचा की ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून मातीत मिसळून मोकळं व्हायचं, हा प्रश्न गफूरभाईंनी अख्ख्या शहरापुढं मांडला. खिशात घाटे घेऊनच ते फिरू लागले. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता त्याच्या तळहातावर घाटा ठेवायचे. "फोडा. दाणा आहे का बघा." दाणा निघाला की चेहरा खुलायचा. नाही निघाला तर "हा पीस खराब होता" म्हणून दुसरा पुढं करायचे.

मत सगळ्यांचं एकच पडलं. पुण्याच्या मुलानं फोनवरून सांगितलं, काढणीची मजुरीसुद्धा निघणार नाही. ट्रॅक्टरवाला बबन रोटाव्हेटर जोडून तयारच होता. मीही म्हणालो, "गफूरभाई, नाद सोडा."

"हौ, बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण माप घेतल्याशिवाय कैंची लावायची नाय. उद्या चला माझ्यासोबत."

दुसऱ्या दिवशी रानात उकिडवे बसून त्यांनी खरोखरच एका झाडाला टेप लावला. "उंचीला कमी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "कमरेत लई ढिला." ट्रॅक्टरवर बसलेला बबन खो खो हसला. त्यांनी आणखी दोन-चार झाडं मोजली, बांधाकडं एकदा बघितलं आणि गुडघे झटकत उठले. "बबन, तू जा. परवा बायका लावतो. काढायचा."

"अहो, पण यातून निघणार काय?" मी विचारलं.

"आत माया आहे सर."

काढणीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो, गंमत बघायला. हरभरा पहाटे दवात उपटतात. उन्हात वाळलेले घाटे तडकून खाली गळतात, हे माझ्यासारख्या मास्तरालाही ठाऊक आहे. गफूरभाईंनी बायकांना भर दुपारी बोलावलं होतं. झाड उपटलं की घाटे टपटप खाली पडत होते.

"भाई, सकाळी दवात बोलवायचं व्हतं. लई गळतंय," एक बाई कळवळून म्हणाली.

"क्या करू बाई, मेरेकू सकाळी उठना होता नै," गफूरभाई खाली मान घालून म्हणाले.

मी चमकलो. हा माणूस रोज पहाटेच्या नमाजाला बाहेर पडतो. त्याच्या फाटकाची कडी हाच माझा गजर आहे.

ऊन कलतं झालं, बायका गेल्या. तेव्हा बांधावर बसून राहिलेली एक वाकलेली म्हातारी फडकं घेऊन रानात उतरली. काढणी झालेल्या रानात खाली राहिलेलं धान्य वेचायचं, त्याला सरवा म्हणतात. उभ्या पिकाला हात लावायचा नाही, पण रान मोकळं झालं की खाली पडलेलं वेचणाऱ्याचं.

"गफूऱ्या, यंदा बी झोपून राह्यला व्हय?" ती लांबूनच म्हणाली.

"हौ मावशी."

"ही शेवंतामावशी," ते मला हळूच म्हणाले. "आमच्याकडं रान नव्हतं ना सर, तेव्हा अम्मी आन ही मिळून सरवा वेचायच्या. एकाच फडक्यात. मागं मी हिच्या घरी कट्टा पाठवला हरभऱ्याचा. वापस केला. म्हणली, दिलेलं नको, पडलेलं घेईन." त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग पाडायला नको का? रोटाव्हेटर फिरवला तर ती कायकू येईल? अम्मी गेली, आमच्या घरातली गेली. मला गफूऱ्या म्हणणारं आता दुसरं कोण आहे?"

मी पायाशी पडलेला एक घाटा उचलून फोडला. चांगला भरलेला निघाला.

फडकं भरल्यावर म्हातारी आमच्याकडं आली. "कसला शेतकरी रे तू," तिनं गफूरभाईंना झाडलं. "अर्धा माल रानातच सांडला." गफूरभाई पोरासारखे ऐकत उभे होते. मग तिनं फडक्यातले मूठभर घाटे काढले आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात घातले.

"घे. तुझ्या अम्मीचा वाटा."

गफूरभाईंनी खिशावर हात ठेवला. म्हातारी फडकं काखोटीला मारून चालू लागली. बांधावर पोचल्यावर मात्र थांबली आणि वळून म्हणाली, "आन पुढल्या साली बी असंच उशिरा ऊठ."