फिनाईलचा घात आणि कोबाल्टाची फत्ते

शहर नागपूर येथील एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीव-शाखेत जे रण माजले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे; मधुकररावांस बरी वाटो, न वाटो.

मधुकरराव शाखेचे प्रमुख. शौर्य थोर, विशेषतः फोटो काढते समयी. त्यांचे पदरी नूपुरबाई संशोधक. बाईंनी लोह-गंधक खाऊन आम्लात जगणारे जंतू पाळले, आणि निकामी मोबाइलांच्या बॅटऱ्यांतून निघालेल्या काळ्या भुकटीवर ते लष्कर सोडले. मग जंतूंनी आम्ल करावे आणि आम्लाने भुकटी पोखरून आतला कोबाल्ट पाण्यात उतरवावा, ऐसी मसलत. पाहणीस समिती यावयाची होती. हात रिते दिसले तर काम बंद, ऐसी तिची ताकीद.

तो मधुकरराव हुजुरांचे फर्मान सुटले की, पाहुणे येणार, सबब शाखा चकाचक करावी, वास मारील ते मोरीत ओतावे आणि भांडी फिनाईलने धुवावी. तामिली जाहली. नूपुरबाई सकाळी येऊन पाहतात तो सारे लष्कर मोरीत गारद, चंबू लखलखीत आणि खोलीत गुलाबाचा फवारा. सफाईच्या भागीरथाबाई कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, “सरनंच सांगतलं न म्याडम, गढूळ पाणी दिसलं का फेकजो. मले का मालूम, त्याच्यात जीव हायेत?”

नूपुरबाईंचे डोळे भरले. ते पाहून हुजूर वदले, “काहून रडून राहिली बाप्पा? जंतूच तं होते. फिनाईलनं जंतू मरतेच न!” ऐसे शास्त्र जाणणारा सरदार लाभल्यावर गनिमाची गरज ती काय?

मग बाईंनी डोळे पुसले आणि खापरखेड्याकडील एका बंद कोळसा खाणीवर कूच केले. तेथे नारिंगी, आंबट पाणी झिरपते, गुरेही तोंड लावीत नाहीत. तेच या जंतूंचे माहेर. गुडघाभर चिखलात उतरून बाटल्या भरल्या, आणि नवी फौज उबेत, गंधकाच्या रसदीवर वाढवून पुन्हा काळ्या भुकटीवर सोडली. समितीची स्वारी, रिवाजाप्रमाणे, लांबत गेली, म्हणून उसंत मिळाली.

ती आली त्या दिवशी हुजुरांचे दुसरे फर्मान की, पाहुण्यांस उकडू नये, एसी कडक लावावा. थंडीने फौज आखडणार. बाईंनी चंबू उचलून मागील कोंदट अडगळीच्या खोलीत नेले आणि आतून कडी घातली. हुजूर दार बडवू लागले, “उघड वं! इज्जतीचा सवाल हाये!” आतून जबाब आला, “समितीले आणा, सर. मंग उघडतो.”

समिती आली, दार उघडले. भुकटी विरली होती, आणि लोहाचा गाळ काढून ठेविलेले पाणी गुलाबी निवळले होते, तोच कोबाल्ट. बाईंस उभ्या जागी हसू फुटले. काम चालू ठेवण्याचा हुकूम जाहला, आणि मधुकरराव पुढे सरसावून बोलते जाहले की, या जंतूंस आपण लेकरांप्रमाणे जपले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. मुलूख हस्तगत जाहला तो चिमूटभर कोबाल्ट. लष्कर पडले अगणित, पैकी शत्रूचे हातून एकही नाही. शाल मधुकररावांस पावली. नूपुरबाईंनी अडगळीस कुलूप घातले. किल्ली हुजुरांनी मागविली, ती दिली नाही.