परकारभाई आणि चिकटवलेली पाकिटं

परकारभाई कागदावर रिकामी जागा सोडत नसत. आखातात, मीना सलमान बंदरातल्या आमच्या गोदामात ते मालाचे कागद तपासायचे. सहीखाली कोरी जागा दिसली की पट्टी ठेवून रेघ मारायचे. ईदच्या शुभेच्छापत्रावरही मारायचे. "उद्या इथे कोण काय लिहील, सांगता येतं?"

कुवेतची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. त्यांचा सलीम आणि माझी प्रज्ञा एकाच वर्गात होते. एक दिवस शाळेने मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली. घरात कोण कोण राहतं? आईवडील भांडतात का? मन कुणाजवळ मोकळं करता? उत्तरं पाकिटात घालून चिकटवायची, वर नाव आणि हजेरी क्रमांक.

प्रज्ञाने मला इंग्रजीत, अभिमानाने सांगितलं, की तिने काकाबद्दलही लिहिलंय. तो कधीच घराबाहेर पडत नाही, असं.

पडत नव्हता, कारण माझ्या भावाचा व्हिसा संपून चार महिने झाले होते. आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते देशमुखसाहेब, आमच्याच कंपनीचे मॅनेजर. हे त्यांना कळलं असतं तर भावाबरोबर आम्हीही विमानात बसलो असतो.

मी परकारभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुवारी पालकसभा आहे. मी विचारतो."

"नको, भाई. तुम्ही विचारलंत की आधी माझंच पाकीट उघडेल."

"मी नुसता विचारणार."

सभेत देशमुखसाहेबांनी पाऊण तास मुलांचा सर्वांगीण विकास केला. पाकिटांचा गठ्ठा त्यांच्यासमोरच होता. परकारभाई उठले.

"साहेब, हे कागद जाणार कुठे?"

"तज्ज्ञांकडे."

"नाव काय त्यांचं?"

"ठरेल, इंशाल्ला."

"म्हणजे माल तयार, घेणाऱ्याचं नाव नाही. असा माल आपण बंदरातून परत पाठवतो."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "परकार, उद्या ऑफिसात भेटा."

"उद्या शुक्रवार, साहेब. सुट्टी."

"एवढं लपवण्यासारखं काय आहे, बघू तरी," म्हणत साहेबांनी वरचं पाकीट उचललं आणि बोट घालून कड उचकटू लागले. ते कुणाचं होतं, मला दिसत नव्हतं.

परकारभाईंनी पुढे होऊन पाकिटावर हात ठेवला. "आधी तुमच्या मुलीचं उघडा. मोठ्याने वाचा."

पहिल्या रांगेतून साहेबांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "अहो, देऊन टाका ना ज्याचं त्याला."

साहेबांनी बोट बाहेर काढलं.

प्रज्ञाचं पाकीट खिशात घालून मी बाहेर आलो. गाड्यांपाशी परकारभाई सलीमचं पाकीट तळहातावर तोलत उभे होते. माझ्या पाकिटात एकच पान होतं. सलीमचं मात्र चांगलं जाड होतं.

"याची आई गेल्यापासून माझ्याशी यस आणि नो, एवढंच बोलतो," ते म्हणाले. "आणि इथे बघ, जादा पानं मागून घेतलीत."

"मग वाचा की, भाई. तुमचाच मुलगा."

"मला कुठे लिहिलंय त्याने?" ते गाडीत बसले. पाकीट शेजारच्या सीटवर जपून ठेवलं. "घरी गेलो की त्याच्याच हातात देतो. वाचून दाखव म्हणतो."

किल्ली फिरवता फिरवता ते थांबले.

"म्हणू ना, कांबळे?"