ईश्वरीचा जबडा साडेतीन मिनिटं पुढं

माझ्या भाचीचा, ईश्वरीचा, खालचा जबडा तिच्या साडेतीन मिनिटं पुढं असतो. शाळेत आधी हनुवटी पोचते, "हजर बाई" म्हणते, आणि मग दप्तर घेऊन उरलेली मुलगी येते. वय वर्षं अकरा. घराण्यात हे आहेच. आमच्या वडिलांचा दोन मिनिटं पुढं होता आणि माझा पाव तास आहे.

पाव तास असला की माणूस तसं राहायला शिकतो. माझं ताट पाव तास आधी वाढतात. मी पाटावर बसते तेव्हा जेवण झालेलं असतं, नुसते हात धुवायचे. नोकरी मिळाली ती तालुक्याच्या एसटी स्टँडवर, गाड्यांच्या घोषणा करायची. गाडी फलाटाला लागताना मी तिचं नाव घेते, ते लोकांनी पाव तास आधीच ऐकलेलं असतं. प्रवाशांची सोय होते. एकोणतीस वर्षांत एक तक्रार नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते. गप्पा मात्र जमत नाहीत. कुणाला माझ्याशी बोलायचं तर पाव तास आधी येऊन बसावं लागतं, आणि एवढी सवड आहे कुणाला? म्हणून मी लिहून सांगते. हेसुद्धा लिहूनच सांगतेय.

ईश्वरीला मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मीही गेले होते. मुजावरबाईंनी अकराची वेळ दिलेली, पण जबडा खुर्चीत आधीच येऊन बसल्यामुळे तो तपासून झाला, आणि मग मुलगी आत गेली.

"जबड्यात काही दोष नाही," मुजावरबाई माझ्या भावाला म्हणाल्या. "तो वेळेवर पोचतो. बाकीची मुलगी मागं राहते."

"मग आता?" विलासनं विचारलं.

"खालच्याला मागं ओढण्यात अर्थ नाही. वरचा जबडा पुढं आणायचा. त्याच्यामागनं नाक, डोळे, सगळी मुलगी येते. पण हाडं कोवळी आहेत तोवरच. वयाची तेरा-चौदा वर्षं उलटली की मोठेपणी ऑपरेशन, दुसरा इलाज नाही."

"आणि काहीच केलं नाही तर?" सुजातावहिनीनं विचारलं.

"मिनिटं वाढतात. त्यांना विचारा ना," असं म्हणून बाईंनी माझ्याकडं बघितलं.

मी मान डोलावली. अकराव्या वर्षी माझीही साडेतीनच होती. वडील म्हणाले होते, राहू दे, पोरीच्या जातीला काय करायचंय.

ईश्वरीला तोंडावर लावायचा पट्टा मिळाला. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक गादी, मधे दांडी, आणि दांडीपासून वरच्या दातांपर्यंत दोन रबरं. रोज चौदा तास, दहा महिने. पोरीनं आठ दिवस लावला आणि नवव्या दिवशी काढून फ्रिजवर ठेवून दिला. विलास ओरडला. वहिनीनं सायकलचं आमिष दाखवलं. पोरगी ढिम्म. दुखतं का, तर नाही. पोरं चिडवतात का, तर ती मेली आधीही चिडवतच होती. शेवटी एका सकाळी वहिनी भाकऱ्या थापत होती, पोरगी अजून न्हाणीतच होती, आणि तिचा जबडा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मी नीट झाले तर आत्या तिथं पुढं एकटी पडेल."

वहिनी तव्यावरची भाकरी तशीच टाकून स्टँडवर आली आणि मला हे सांगितलं. मी चौकशीची खिडकी लावून घेतली आणि रडले. लाजायचं काय त्यात? पाव तासापूर्वी कोल्हापूर गाडीच्या घोषणेत मधेच हुंदका का ऐकू आला होता, ते मला तेव्हा उमगलं.

"आक्का, ती तुझंच ऐकेल," संध्याकाळी विलास म्हणाला. "रविवारी चारला ये. आम्ही तिला पावणेचारला बसवून ठेवतो."

काय सांगायचं ते मी मनाशी पक्कं केलं. जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगायचं. मी चोवीस वर्षांची असताना मला बघायला इचलकरंजीचे लोक आले होते. मुलगा चित्रकलेचा मास्तर. पोह्यांची बशी देताना मी वर बघितलं, तो हसला, आणि मला तो आवडला, अगदी मनापासून. "तुम्हाला काही विचारायचंय का?" तो म्हणाला. विचारायचं होतं हो. पण ते पाव तास आधीच विचारून झालं होतं, रिकाम्या सतरंजीला. आई ती अंथरत होती, तिनं तेवढं ऐकलं. नंतर तिनं त्या लोकांना सांगून बघितलं, पण असल्या गोष्टी आईनं सांगून होत नाहीत. मुलगी गर्विष्ठ आहे असा निरोप आला. हे सगळं ईश्वरीला सांगायचं आणि म्हणायचं, बाळा, माझ्यासाठी अशीच राहू नकोस, तिथं पुढं काही नाही.

रविवारी वाटेनं हेच घोकत गेले. बरोबर चारला दार ढकललं.

ईश्वरी समोर चटईवर बसली होती. तोंडावर पट्टा. कपाळाची गादी जरा तिरकी, रबरं मात्र दोन्ही नीट लावलेली. माझं घोकलेलं सगळं पार उडालं. मनात आलं ते एवढंच, की अगं बाई, किती गोड दिसतेस गं यात!

"वन्सं, बसा," वहिनी म्हणाली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "पावणेचारला तुमचा जबडा आला आणि पहिलंच वाक्य काय, तर 'अगं बाई, किती गोड दिसतेस गं यात!' पट्टा तेव्हा फ्रिजवरच होता की. पोरीनं इकडं तिकडं बघितलं. मग स्टूल ओढलं, पट्टा काढला आणि आरशापुढं उभी राहून लावला. मी विचारणार होते, एवढे दिवस आम्ही घसा कोरडा केला तेव्हा का नाही लावलास? पण तिनं आधीच सांगून टाकलं होतं. म्हणे, आत्या चारला येईल तेव्हा मी तशी दिसायला नको का? तिचा शब्द खोटा पडेल."

मी हातानंच विचारलं, आणि मग? मी पुढं काय म्हणाले?

"बरंच काही म्हणालात. मी आत निघून गेले. म्हटलं, ते तुमचं दोघींचं."

म्हणजे सांगून झालेलं होतं, ऐकूनही झालेलं होतं; मला ते वाटायचं तेवढं राहिलं होतं. मी ईश्वरीशेजारी बसले. तिनं पट्ट्यासकट डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, ती दांडी मानेला टोचली. मी काही ठरवलं नाही. मनात येईल ते येऊ दिलं, सावकाश, एकेक. ईश्वरी समोरच्या घड्याळाकडं बघत होती आणि माझ्या प्रत्येक वाक्याला, बरोबर त्याच्या वेळेला, माझा हात हळूच दाबत होती.