रडणाऱ्याला उचलू नये

आमच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा तक्रार निवारण कक्षाचे प्रमुख श्री. माणिकप्पा यांच्या राहत्या घरी एक तक्रार बरेच दिवस प्रलंबित होती. तक्रारदार : चि. विरूपाक्ष, वय पावणेदोन वर्षे, नाते नातू. विषय : तोंडातली रबरी चोखणी पूर्वसूचना न देता काढून घेणेबाबत. तक्रारीचे स्वरूप : भोकाड.

गावाचं नाव सांगत नाही. लातूर जिल्ह्यात आहे आणि निलंग्याची एस.टी. गावावरून जाते, एवढं पुरे. जास्त सांगितलं तर चार गावं 'हे आमचंच' म्हणून अंगावर येतील, आणि चौघांचंही खरं निघेल.

चोखणी काढायचा निर्णय सूनबाईंचा, म्हणजे पुनमचा. सवय लांबली तर पुढचे दात बाहेर येतील, असं दातांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. पुनमनं चोखणी माळ्यावर फेकली, आणि घरादाराची झोप तिच्या मागोमाग माळ्यावर गेली. विरूचा आवाज असा, की शेजारच्या गिरणीवाल्याला वाटायचं आपलाच पट्टा सरकला. तो चक्की बंद करून बघायला उठायचा.

शेवटी पुनमला मोबाइलवर एक बालशांतितज्ज्ञ बाई सापडल्या. बाईंचं म्हणणं असं : मूल रडलं की धावत सुटू नका. आधी थोडं थांबा. दुसऱ्या वेळी जरा जास्त थांबा, तिसऱ्या वेळी त्याहून जास्त. गेलात तरी दारातूनच 'आम्ही आहोत' म्हणा आणि मागं फिरा. उचलू तर मुळीच नका. मूल आपलं आपण शांत व्हायला शिकतं. याला स्वयंशांती म्हणतात.

हे ऐकून माणिकप्पांचे डोळे पाण्यानं भरले. उभी नोकरी त्यांनी त्या एका कक्षात काढली होती. लोकांनी त्यांना कामचोर म्हटलं, बहिरा म्हटलं, एकानं तर भर बाजारात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि आज कळत होतं, की आपण करत होतो ते शास्त्र होतं!

"अगं पुनम, हे तर मी नोकरीला लागल्यापास्नं करायलोय!" ते म्हणाले. "माणूस खिडकीशी आला की लगेच वर बघायचं न्हाई. फोन वाजला की वाजू द्यायचा. दुसऱ्या बारीला जास्त वाजू द्यायचा. लईच बोंबलला तर 'नोंद झाली' म्हणायचं आन् खिडकी लावायची. लोक होतात की गप!"

"मग मामा, विरूचं तुम्हीच बघा," पुनम म्हणाली. तिला सकाळी शाळेवर शिकवायला जायचं असायचं, रात्रीची झोप हवी होती.

माणिकप्पांनी पदभार स्वीकारला. गुरम्माला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे बिलकुल पटलं नाही.

"अवो, लेकरू हाय ते. अर्जदार न्हाई."

"रडणारा कुणीबी अर्जदारच असतो."

"रडल्याबिगर आईबी पाजत न्हाई म्हणतात. मग त्यानं करावं तरी काय?"

"त्याच म्हणीनं नासवलं लोकांना!" माणिकप्पा कडाडले.

आता खरी गोष्ट सांगतो. विरू रडायचा तो अप्पांच्याच नावानं. माणिकप्पा सकाळी कार्यालयाला निघाले की पँटीला मिठी मारून 'अप्पाऽऽ' करायचा, संध्याकाळी आले की पुन्हा 'अप्पाऽऽ'. आणि माणिकप्पांनाही जगात प्रेमानं हाक मारणारं एवढं एकच माणूस होतं. बाकीचे त्यांना शोधत यायचे.

पण कर्तव्य ते कर्तव्य. विरूनं हंबरडा फोडला की माणिकप्पा दारात उभे राहून म्हणायचे, "आपली तक्रार मिळाली आहे. कार्यवाही चालू आहे." आणि दार ओढून घ्यायचे. आतून 'अप्पाऽऽ' यायचं. गुरम्मा पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची. हळूहळू आवाज खाली आला, मग हुंदके राहिले, मग तेही गेले. विरूनं चादरीचं टोक तोंडात धरलं आणि आपलं आपण झोपला. पुढं तर तो भुकेनंही रडेना, ओलं झालं तरी रडेना. गिरणीवाला येऊन विचारून गेला, पोरगं आजोळी गेलं का म्हणून.

माणिकप्पांनी या यशाची टिपणी मुख्याधिकारी मालविका मॅडमना सादर केली. मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या आणि त्यांना 'तक्रारमुक्त शहर' पुरस्कार हवा होता. गावाला तेव्हा नळाचं पाणी आठवड्यानं यायचं, तेही आधी नुसती हवा सोडून. मॅडमनी टिपणीवर शेरा मारला : 'नागरिकांसाठी राबवावे.' स्वयंशांती अभियान सुरू झालं.

अभियानाचे टप्पे शास्त्रशुद्ध होते. एकदम कोणाला रडू देणं बरं नव्हे, म्हणून पहिल्या टप्प्यात तक्रारदाराला चोखणी द्यायची. दुसऱ्या टप्प्यात ती काढून घ्यायची. तिसऱ्या टप्प्यात नागरिक स्वतः शांत. निविदा निघाली, माल आला. सगळ्या चोखण्या तान्ह्या बाळाच्या मापाच्या निघाल्या. पण माप चुकलं हे सांगायला तोंड मोकळं लागतं, त्यामुळं तीही तक्रार आली नाही.

पहिली मानकरी ठरली शरणम्मा. ही म्हातारी माणिकप्पांच्याच गल्लीतली, आणि दर सोमवारी कक्षाच्या खिडकीवर रिकामी घागर आपटणं हा तिचा नेम.

"आरं माणिकप्पा! नळाला वारं यायलंय. वाऱ्यानं भांडी घासू का काय?"

"म्हातारे, हे घे. तोंडात धर."

"हे काय? रबर? आरं, मला काय पाळण्यातनं उठवलं व्हय तू?"

"शासनाकडनं हाय. फुकट."

फुकट म्हटल्यावर शरणम्मानं ती तोंडात धरून बघितली. तिला एकही दात नव्हता, त्यामुळं सबंध शहरात ती चोखणी नीट बसली फक्त तिलाच. पुढच्या सोमवारी ती घागर न घेताच आली आणि प्रतीक्षा कक्षात गार फरशीवर बसून राहिली. तिच्याशेजारी हळूहळू सगळी गल्ली येऊन बसली. हसू नका, आम्हीही बसलो. बरं वाटतं हो. पंखा असतो.

नगरसेवकांनी चोखण्यांतला आपला हिस्सा मागून घेतला. सर्वसाधारण सभा इतिहासात प्रथमच वेळेत संपली.

एव्हाना पाणी पंधरवड्यानं यायला लागलं होतं. बसस्थानकाजवळ मोठी जलवाहिनी फुटली, डबकं साचलं, त्यात म्हशी बसल्या. पण तक्रार नाही म्हणजे गळती नाही, गळती नाही म्हणजे दुरुस्ती नाही, आणि दुरुस्तीच निघाली नाही त्याअर्थी पाणीपुरवठा सुरळीत आहे, असा अहवाल गेला. पुरस्काराची समिती आली, रस्त्यात थांबून कान देऊन ऐकलं, कुठंच हूं की चूं नाही. पुरस्कार मिळाला. माणिकप्पांना शाल मिळाली.

शाल खांद्यावर टाकून ते घरी आले. दारात थोडं थांबले. मुद्दाम खोकले. चप्पल आपटली.

"विरू! कोण आलंय बघ!"

अंगणात लिंबाच्या झाडाखाली विरू बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. माणिकप्पांना वाटलं, खेळात रमलाय. जवळ गेले तर पोराच्या दोन्ही पायांवर लाल मुंग्या चढल्या होत्या. गुळाचा खडा सांडला होता, त्याला लागलेल्या. पाय सुजून लाल झालेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि पोरगं सदऱ्याचा कोपरा तोंडात धरून गप बसलंय. कोणाला हाक नाही, काही नाही. ते हाक मारायचंच विसरलं होतं.

"आरं देवा! गुरम्मा!" माणिकप्पांनी त्याला उचललं, शालीनं मुंग्या झाडल्या, पायांवर पाणी ओतायला नळ सोडला. नळातून वारं आलं.

गुरम्मा रांजणाच्या तळातलं तांब्याभर पाणी घेऊन धावली. माणिकप्पा पोराला छातीशी धरून गयावया करत होते, "रड की रे राजा. अप्पा म्हण. येकदा म्हण की!" विरू त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. कोणी परका माणूस उगीच का बोलतोय, असं ते बघणं होतं.

"आता कशाला रडवायलाव त्याला?" गुरम्मा म्हणाली. ती ओरडलीही नाही. माणिकप्पांच्या काळजाला तेच जास्त लागलं.

ते तसेच पळत कार्यालयात गेले. "मॅडम, बंद करा हे. लोकांना रडू द्या. गाव मुकं व्हायलंय!"

मालविका मॅडमनी समजुतीनं मान हलवली. "माणिकप्पा, तुम्ही भावनिक झाला आहात. अभियान तुमचंच आहे. बसा, शांत व्हाल."

ते कक्षाच्या खिडकीवर गेले. आत त्यांच्याच हाताखाली तयार झालेला सुदर्शन होता. त्यानं बराच वेळ वर पाहिलं नाही. मग म्हणाला, "नोंद झाली, साहेब." आणि खिडकी लावली. पोरगा कामाचा होता, माणिकप्पांनीच त्याच्या गोपनीय अहवालात तसं लिहिलं होतं.

माणिकप्पा गल्लीत परतले, आपल्या घराच्या ओट्यावर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. अगदी गळा काढून. शेजारच्या गिरणीवाल्यानं चक्की थांबवली. खिडक्या उघडल्या, माणसं दारात आली. माणिकप्पांच्या मागं उंबऱ्यात विरू उभा होता, पायांना हळद लावलेला. तोही बघत होता. आला नाही.

कोणीतरी पुढं होणार, एवढ्यात शरणम्मानं तोंडातली चोखणी काढली.

"जवळ जाऊ नका कुणी," ती म्हणाली. "उचललं की सवय लागती."

तेही खरंच होतं. आम्ही आपापल्या दारात उभे राहिलो. आता तुम्हाला वाटत असेल, की कोणीतरी जायला हवं होतं. वाटू द्या. आम्हालाही वाटलं होतं. थोडं थांबलं की ते वाटणंही आपलं आपण शांत होतं.