मामफळाची सात पानं

इथे आखातात, आमच्या सनद गावातल्या बिल्डिंगमध्ये कुणाला झोप येईनाशी झाली, की तो तळमजल्यावरच्या कासमभाईंची बेल वाजवतो. पूर्वी माझी वाजवायचे. माझं जायफळ घातलेलं दूध चौदा फ्लॅटांत प्रसिद्ध होतं. आता कुत्रं विचारत नाही, आणि मला ते सहन होत नाही. सरळच सांगते.

कासमभाई रत्नागिरीचे. वीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी, आता इथे एका गोदामात क्लार्क. बायको-मुलं गावी. जहाजावर त्यांचा जोसेफ नावाचा हैतीचा दोस्त होता, त्याच्याकडून ही झोपेची विद्या. गावाहून आणलेल्या बीचं मामफळाचं, म्हणजे सीताफळाच्याच जातीतलं, झाड त्यांनी दाराशी पिंपात वाढवलंय. एसीचं पाणी बादलीत धरून त्याला घालतात. फळ अजून एकही धरलेलं नाही, पण तोरा बघा.

"सात पानं, उशीच्या अभ्र्यात. हैतीत असंच करतात. खलास." वर नियम असा, की सकाळी येऊन झोप कशी लागली ते सांगायचं. नाही सांगितलं, तर पुढच्या वेळी पानं लागू पडत नाहीत म्हणे. माझ्या दुधाचे असले नखरे नव्हते.

परवा तर कहर झाला. नवऱ्याची उशी झटकली, तर सात पानं खाली! तेरा वर्षं माझ्या हातचं दूध पिऊन घोरणारा माणूस. लेक म्हणाली, "आई, इट वर्क्स." मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही.

मग ठरवलं, या कासमभाईंचं पितळ उघडं पाडायचंच. स्वतः जाऊन पानं मागितली. कासमभाईंनी झाड चाचपून चांगली जून पानं निवडून दिली. मी ती ओट्यावर टाकली आणि ढाराढूर झोपले. सकाळी मात्र 'डोळ्याला डोळा लागला नाही' असं सांगायला खाली उतरले.

दार उघडंच होतं. कासमभाई इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, समोर चहाचे दोन कप आणि बशीत नानकटाई. झोपेचं त्यांनी विचारलंच नाही. लेकीची परीक्षा, माझ्या आईचे गुडघे, सगळं विचारून झालं. माझा चहा संपला, तशी घाईघाईने दुसरा ओतायला लागले.

मी विचारलं, "कासमभाई, सकाळी येऊन सांगायचा नियम जोसेफचाच ना?"

त्यांनी किटली खाली ठेवली. "नाय वहिनी. तो माझा."

मी कप पुढे केला.

"झोप अर्धीच लागली," मी म्हटलं. "उद्या परत येऊन सांगते."